चार माणसं, अडीच तिकिटं

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तो थोडक्यात असा: लातूरहून पुण्यात येऊन तीन वर्षं झाली, सिंहगड रस्त्याला धायरीत भाड्याचं घर आहे, हातात पगार ३४,००० येतो. घरात तुम्ही, बायको, सात वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांच्या आई. महिन्यातले दोन रविवार मॉलमध्ये जातात, दर वेळी अठराशेच्या घरात पैसे उडतात आणि एवढं करून बायकोचं म्हणणं, ‘तुम्ही आम्हाला कुठं नेतच नाही.’ कमी पैशांत वेळ मजेत जाईल अशा ठिकाणांची यादी तुम्हाला हवी आहे, आणि सिनेमा बरा की नाटक, हेही विचारलंय.

यादी देते, पण जरा थांबून. सिंहगड रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला ठिकाणांची वानवा नाही. तुमची अडचण मला वेगळीच दिसते. रविवारी सकाळी दहापर्यंत घरात कुणालाच माहीत नसतं की आज काय करायचंय. मग जेवण होतं, डोळा लागतो, चारला मुलगी कुरकुरायला लागते आणि पाचला तुम्ही म्हणता, ‘चला, मॉलला जाऊन येऊ.’ ज्यांचं काही ठरलेलं नसतं अशा लोकांवरच मॉल चालतो. आत जायला पैसे पडत नाहीत, थंडगार वाटतं, फरशी चकचकीत असते. पैसे जातात ते आत गेल्यावर, थोडे थोडे, कुणाच्या लक्षात न येता.

मी गेली बावीस वर्षं बचत गटांबरोबर काम करते. कर्ज मागायला आलेल्या बाईशेजारी बसून तिच्या घरखर्चाची वही बघायची, हा माझ्या कामाचा मोठा भाग. इतक्या वह्या बघितल्या, पण ‘करमणूक’ असा रकाना मला क्वचितच दिसला. तो खर्च ‘इतर’, ‘किरकोळ’, ‘बाहेर’ अशा नावांखाली दडलेला असतो. लोकांना मजेवर खर्च केल्याची लाज वाटते, म्हणून तो लिहीत नाहीत, आणि लिहीत नाहीत म्हणून तो वाढतो.

तुम्ही निदान मागच्या रविवारचा हिशेब लिहिलात. रिक्षा जाऊन-येऊन ३१०, गेम झोनचं कार्ड ५००, खाणं ६८०, निघताना मुलीला घेतलेली बाहुली ३५०. एकूण १,८४०. यात करमणूक म्हणावी अशी रक्कम ५००ची, तीही एकट्या मुलीची, अर्ध्या तासाची. आई बाकावर बसून होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. उरलेले १,३४० रुपये पोचायला, भूक भागवायला आणि रडणं थांबवायला गेले. वह्यांमध्ये मला हेच तीन चोर सापडतात: वाहन, भूक आणि ‘आता आलोच आहोत तर’. तेव्हा काटकसर मजेत करायची नाही, या तिघांमध्ये करायची. पुढचं सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

त्याआधी एक इशारा, माझ्याच अनुभवातून. आमच्या डोक्यावर एकदा कर्ज होतं आणि मी ठरवलं, मजा बंद. सिनेमा नाही, बाहेरचा वडापाव नाही, कुणाच्या लग्नाला गेलो तर त्याच दिवशी परत. आठ महिने मी हे नेटानं चालवलं आणि अकरा हजार बाजूला पडले. मग मुलांच्या परीक्षा संपल्या, घरात दोन दिवस धुसफूस झाली, आणि तडकाफडकी आम्ही महाबळेश्वर गाठलं. मे महिना, बुकिंग नाही, मिळेल ती खोली, मिळेल त्या दरात. तीन दिवसांत चौदा हजार. लोकांचे हिशेब तपासणारी बाई होते मी! नवऱ्यानं पुढे काही वर्षं मला त्यावरून ऐकवलं, आणि त्याचं बरोबर होतं. तेव्हापासून करमणुकीचा रकाना शून्यावर आणा असं मी कुणालाच सांगत नाही, अगदी हप्ते थकलेल्या बाईलासुद्धा नाही. तिचा रकाना दोनशेचा असेल, पण असतो.

तुमच्या पगारात माझ्या मते महिना २,००० ठीक आहेत. भाडं आणि मुलीची फी मला माहीत नाही, त्यामुळे पाचशे इकडे-तिकडे करा. पण ते पहिल्या तारखेलाच काढा आणि रोख काढा. फोननं स्कॅन केलेले पैसे गेल्याचं हाताला कळत नाही, नोट मोडली की कळतं. त्यातले ५०० घरातल्या एखाद्या डब्यात टाका, त्याला मोठ्या सहलीचा डबा म्हणू. वर्षाचे सहा हजार होतात. तिघा मोठ्या माणसांना शंभर-शंभर रुपये ‘विचारायचं नाही’ या बोलीवर द्या. आईंनी ते देवळात टाकले, बायकोनं पाणीपुरी खाल्ली, तुम्ही टपरीवर चहा प्यायलात, कुणी कुणाला जाब विचारायचा नाही. ही रक्कम दिसायला क्षुल्लक आहे. पण ज्या घरात ती सुरू झाली तिथं पैशांवरून होणारी तोंडातोंडी कमी झालेली मी पाहिली आहे.

उरले १,२००. महिन्याच्या चार रविवारांना ते सारखे वाटू नका. एक रविवार घरी, खर्च शून्य. एक जवळपास, दीडशेत. एक जरा लांब, साडेतीनशेत. आणि एक तिकिटाचा, सातशेचा. कुठला रविवार कुठला, हे महिन्याच्या सुरुवातीला ठरलं पाहिजे, आणि त्या रविवारी नेमकं काय करायचं हे बुधवारच्या रात्रीपर्यंत. बुधवार का? कारण शुक्रवारपर्यंत तिकीट, वेळापत्रक, सुट्टीचा वार, पाऊस हे सगळं बघायला अवधी मिळतो. शनिवारी रात्री ठरवायला बसलात तर पुन्हा मॉल. हे पैशांचं पाकीट आईंच्या हातात द्या. हे मी गमतीत सांगत नाहीये. बाकावर बसून राहणाऱ्या माणसाकडे तिजोरी आली की ते माणूस बाकावर बसून राहत नाही.

आता तीन चोरांपैकी पहिला, वाहन. रिक्षानं जायचं ठिकाण आणि बसनं जायचं ठिकाण यात मजेचा फरक नसतो, वेळेचा असतो, आणि रविवारी तुमच्याकडे वेळ असतो. पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बससेवेची, भाडेवाढ जून २०२५ मध्ये झाली, तेव्हा दिवसाचा पास ४० रुपयांवरून ७०वर गेला. लोक सवयीनं पास काढतात. नुसतं स्वारगेटला जाऊन परत यायचं असेल तर साधं तिकीट स्वस्त पडतं, दिवसभरात तीन-चार बस बदलणार असाल तरच पास परवडतो. कंडक्टरला भाडं विचारा, मनात बेरीज करा, मग ठरवा.

लांब जायचं तर एसटी. तुमच्या घरासाठी तिचा हिशेब मी मुद्दाम करून बघितला. १७ मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात एसटीचं निम्मं तिकीट आहे, म्हणजे बायकोचं निम्मं आणि आईंचंही निम्मं. मुलगी पाच ते बारा या वयात बसते, तिचंही निम्मं. पूर्ण तिकीट एकट्या तुमचं. चार माणसं, अडीच तिकिटं. एवढी सूट मिळत असताना चारचाकी भाड्यानं घेऊन जाणारी कुटुंबं मी बघते तेव्हा मला त्यांच्या वहीत डोकावावंसं वाटतं. आई पंचाहत्तरीच्या होतील तेव्हा त्यांचं तिकीटच लागणार नाही.

दुसरा चोर भूक, आणि इथं मला जरा सविस्तर बोलायचंय. स्वस्तात सहल कशी करावी, असं कुणालाही विचारा, उत्तर येतं, घरून डबा न्या. बरोबर आहे. पण तो डबा पहाटे पाचला उठून कोण करतं? पैसे वाचतात ते एका बाईच्या झोपेतून, आणि ते वहीत कुठंच दिसत नाहीत. माझ्या गटातली एक बाई स्वयंपाकाची कामं करते. तिला मी एकदा विचारलं, वर्षभरात सगळ्यात मजेचा दिवस कुठला गेला? मला वाटलं जत्रा सांगेल, माहेर सांगेल. ती म्हणाली, ‘त्या रविवारी नवरा पोरांना घेऊन टेकडीवर गेला, दुपारी तीन ते सहा. मी दार लावून झोपले.’ तिच्या त्या करमणुकीला खर्च आला शून्य रुपये, पण ती तिला वर्षातून एकदाच मिळाली होती.

तुमची बायको ‘कुठं नेतच नाही’ म्हणते, तेव्हा तिला नेमकं काय हवंय हे तुम्ही विचारलंय का? मॉलमध्ये ती मुलीच्या मागं धावते, सासूबाईंना सांभाळते, घरी आल्यावर रात्रीचा कुकर लावते. तिच्या लेखी तो सहलीचा दिवस नसेलच. कदाचित तिला दोघांनीच कुठं तरी जायचं असेल, कदाचित एक दिवस गॅस पेटवायचा नसेल. मी इथं बसून अंदाज करू शकते, उत्तर तिच्याकडे आहे. गावाकडची फेरीही सहल म्हणून मोजू नका. तुमच्यासाठी ते घर असेल, तिच्यासाठी ते सासर आहे.

तर डब्याचा नियम असा: आदल्या रात्री, सगळ्यांनी मिळून, आणि टिकणारं. तुम्ही लातूरकडचे, धपाटे आणि दाण्याची चटणी तुम्हाला मी शिकवायला नको. पीठ तुम्ही मळा. सोबत भडंग, दोन काकड्या, पाण्याच्या मोठ्या बाटल्या. एक गोष्ट मात्र बाहेरचीच खायची, आणि कुठली ते निघतानाच ठरवायचं: मटकीची उसळ, कणीस, कुल्फी, जे काय असेल ते. पोट भरलेलं असलं की बाहेरचं खाणं हौसेचं होतं, नाहीतर त्याचं जेवण होतं आणि जेवणाचं बिल येतं.

तिसऱ्या चोराबद्दल फार लिहीत नाही. पाकिटातले रोख संपले की संपले, आणि मुलीला घरूनच सांगून निघायचं: आज खेळणं नाही, आज कुल्फी आहे. दोन रविवार रडेल.

आता ठिकाणं. सगळी सांगत बसत नाही, तुमच्या घराला जमतील अशीच सांगते.

जवळचं म्हणजे खडकवासला. पण चौपाटीवर रविवारी संध्याकाळी सहाला गेलात तर पाण्यापेक्षा गाड्या जास्त दिसतील. सकाळी सातला जा, तीच चौपाटी मोकळी असते, नऊला घरी परत. सिंहगडाचंही तसंच. स्वारगेटकडून पायथ्याला जाणारी पीएमपी तुमच्या सिंहगड रस्त्यावरूनच जाते. आतकरवाडीच्या वाटेनं सात वर्षांचं मूल थांबत थांबत दोन तासांत वर पोचतं. वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही मिळतं, ती तुमची ‘एक बाहेरची गोष्ट’. आईंना हे झेपणार नाही. त्या दिवशी त्यांच्यासाठी वेगळं काही हवं, नाहीतर त्या घरी एकट्या आणि तुम्हाला वर जाऊन रुखरुख.

आईंसोबत जायचं तर पर्वती. १०३ पायऱ्या आहेत, पण रुंद आणि चढायला सोप्या. अर्ध्यात बसून शहर बघितलं तरी चालतं. खाली उतरून सारसबाग. आणखी एक, जे तुम्हाला सुचलं नसेल: मराठवाड्यातून आलेल्या माणसाला हरिनाम सप्ताहाची सवय असते. पुण्याच्या आजूबाजूच्या गावठाणांतल्या देवळांमध्ये सप्ताह होतात, कीर्तनं होतात. आईंना तिथं नेऊन सोडा, दोन तासांत त्यांना चार ओळखी होतील. त्यांच्या करमणुकीचा प्रश्न मग त्या स्वतःच सोडवतील, कदाचित तुमच्यापेक्षा लवकर. आणि ते दोन तास तुम्हा तिघांचे.

साडेतीनशेच्या रविवारासाठी माझी पहिली पसंती भाजे लेणी. पुणे-लोणावळा लोकलनं मळवलीला उतरायचं, तिकीट चहाच्या दोन कपांएवढं. स्टेशनपासून भाजे गाव चालत, मग पायऱ्या. पुरातत्त्व खात्याच्या अशा ठिकाणी मोठ्यांना पंचवीस रुपये पडतात आणि पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसतं. लेणी इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातली आहेत, पण मुलीला ते सांगून काय उपयोग? तिला सांगा, इथं एका ठिकाणी चौदा स्तूप आहेत, काही आत, काही बाहेर, मोजून दाखव. मग ती मोजत बसते, चुकते, पुन्हा मोजते. शेवटच्या लेण्यात एक बाई वाद्य वाजवतेय आणि दुसरी नाचतेय असं शिल्प आहे, ते तिला शोधायला लावा. मुलांना बघायला नेलं की ती कंटाळतात, शोधायला नेलं की नाही. हीच युक्ती शनिवारवाड्यात, केळकर संग्रहालयात, कुठंही चालते. पाय दुखत नसतील तर मळवलीहूनच लोहगड होतो. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांपैकी तो एक. पण जुलै-ऑगस्टच्या रविवारी तिकडे फिरकू नका, धबधब्यापेक्षा माणसांचा लोंढा मोठा असतो. सप्टेंबरच्या शेवटी जा, हिरवं तेवढंच असतं.

मुलीला वर्षभर पुरेल अशी गोष्ट म्हणजे वाचनालय. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ सालचं आहे, पण तुम्हाला लक्ष्मी रस्त्यापर्यंत जायलाच हवं असं नाही, उपनगरांतही छोटी वाचनालयं आहेत. महिन्याची वर्गणी एका पिझ्झ्याहून कमी असते. दिवाळीत बऱ्याच वाचनालयांची अंकांची योजना असते: एकदाच रक्कम भरायची आणि पुढचे काही महिने एकामागून एक अंक घरी आणायचे. एक चांगला दिवाळी अंक विकत घ्यायच्या पैशांत तुम्ही आणि बायको वीस-पंचवीस अंक चाळू शकता. दर शनिवारी संध्याकाळी पुस्तक बदलायला चालत जाणं ही मुलीच्या दृष्टीनं फेरीच असते, आणि मुलं अशा ठरलेल्या फेऱ्यांना फार धरून असतात.

ती जरा मोठी झाली की २८ फेब्रुवारी, म्हणजे विज्ञान दिनाच्या सुमाराला आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था बघायला न्या. एरवी बंद असलेली दारं तेव्हा लोकांसाठी उघडतात आणि संशोधक मंडळी पोरांच्या वेड्यावाकड्या प्रश्नांना उत्तरं देत उभी असतात. शाळकरी मुलांसाठी तिथं दुसऱ्या शनिवारी व्याख्यानं आणि प्रयोगही होतात.

आता सातशेचा रविवार. इथं सिनेमा की नाटक, हा तुमचा प्रश्न होता. सिनेमाचं तिकीट शंभरच्या वर गेलं की त्यावर अठरा टक्के कर लागतो, फोनवरून काढलं की वर बुकिंगचं शुल्क. सकाळचा खेळ आणि खिडकीवरचं तिकीट, एवढ्यानंच बराच फरक पडतो. खाणं आत नेऊ देत नाहीत आणि तसं थांबवायचा त्यांना हक्क आहे, सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२३ मध्ये ते मान्य केलंय. पण पिण्याचं पाणी त्यांनी फुकट द्यायलाच हवं, हेही न्यायालयानंच सांगितलंय. तेव्हा बाटली विकत घेऊ नका, नळ कुठं आहे ते विचारा. सकाळच्या खेळाला नाश्ता करून गेलात तर मध्यंतरात भूक लागत नाही.

तरी मला विचाराल तर दोन महिन्यांतून एकदा सिनेमा आणि एकदा नाटक. मागच्या रांगांची किंवा बाल्कनीची तिकिटं घ्या, ऐकू सगळीकडे सारखंच येतं. नोव्हेंबरनंतर हौशी कलावंतांची राज्य नाट्य स्पर्धा वेगवेगळ्या केंद्रांवर सुरू होते, तिचं तिकीट वडापाव-चहाच्या भावात असतं. एखादं नाटक फसतं, प्रकाश भलत्याच जागी पडतो, पण एखादं असं लागतं की घरी येईपर्यंत तुम्ही दोघं त्यावरच बोलत असता. सवाई गंधर्व महोत्सवाबद्दलही लोक ‘आपल्याला परवडत नाही’ असं धरूनच चालतात. तिथं खुर्ची महाग असते, खालची भारतीय बैठक नाही. मी कायम खालीच बसते, पाठ टेकायला पिशवी नेते. उन्हाळ्यात वसंत व्याख्यानमाला असते, न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेली. सगळीच व्याख्यानं रंगत नाहीत, अर्ध्यातून उठून आलात तरी चालतं, खिशाला काही फरक पडत नाही.

फुकटच्या कार्यक्रमांबाबत मात्र सावध राहा. दिवाळी पहाटेचा फुकट पास मिळाला म्हणून आम्ही एकदा पहाटे चारला रिक्षा करून शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. जाऊन-येऊन पावणेचारशे रुपये आणि जागा मिळाली खांबामागं. पास फुकट होता, पहाट नव्हती.

घरच्या रविवाराला लोक नाकं मुरडतात, पण माझा अनुभव असा की नीट ठरवला तर तोच जास्त लक्षात राहतो. ‘आज घरीच आहोत’ याचा अर्थ चार फोन, चार कोपरे असा होत असेल तर तो दिवस वाया गेला. पत्ते आणा. आईंना मेंढीकोट येत असेल, नाहीतर पाच-तीन-दोन, मुलीला बदाम सात आणि झब्बू शिकवा. सात वर्षांचं पोर झब्बूत आजीवर पत्ते लादतं तेव्हाचा त्याचा चेहरा बघायला मिळतो, त्याला गेम झोनचं कार्ड लागत नाही. वाड्यातल्या किंवा सोसायटीतल्या दोन घरांना बोलवा, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. कोजागरीला गच्चीवर दूध आटवायचं, चार घरांत खर्च वाटला की माणशी पन्नासच्या आत बसतं. नवीन गावात आलेल्या माणसाची करमणूक महाग होते याचं एक कारण हेही आहे की त्याच्याकडे जाऊन बसायला कुणाचं घर नसतं. लातुरात तुम्ही संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर जाऊन बसत असणार, त्याला कधी पैसे पडले का? तीन वर्षांत धायरीत असा ओटा झाला नसेल तर करमणुकीच्या आधी त्याच्यामागं लागा.

ओटीटीच्या दोन वर्गण्या चालू आहेत असं तुम्ही ओघात लिहिलंय. एका वेळी एकच ठेवा. महिनाभर एक, मग ती बंद करून दुसरी. आपोआप पैसे कापायची परवानगी दिलेली असेल तर ती आजच काढून टाका.

यातलं बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे, हे मला माहीत आहे. तुमची सुट्टी रविवारऐवजी बुधवारी येत असती तर गर्दी टळली असती, पण कात्रजचं प्राणिसंग्रहालय नेमकं बुधवारीच बंद असतं, आणि मुलीची शाळा असते. तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर बसनं फिरा हा सल्ला निरुपयोगी आहे, तिथं बाहेर जाण्यापेक्षा कुणीतरी दोन तास घर सांभाळायला येणं हीच मोठी चैन. आणि फोनवरच्या कर्जाचे हप्ते चालू असतील (तुम्ही लिहिलं नाहीये, पण हल्ली निम्म्या वह्यांत सापडतात), तर आधी ते मिटवा, दोन हजारांऐवजी पाचशेत भागवा.

सहा हजारांच्या डब्याचं काय करायचं, तेही सांगून ठेवते, म्हणजे वर्षभर मुलीला वाट बघता येईल. स्वारगेटहून एसटीनं वाई, घाटावर एक संध्याकाळ, एक मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाचगणीमार्गे भिलार. ४ मे २०१७ला ते पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत पुस्तकं ठेवलेली आहेत, कुणाच्याही ओसरीत बसून वाचा, पैसे नाहीत. तुमच्या अडीच तिकिटांत आणि एका साध्या खोलीत हे सगळं आरामात बसतं, फक्त लागून आलेल्या सुट्ट्यांमध्ये जाऊ नका.

या महिन्यात एवढंच करा: पाकीट आईंकडे, बायकोला तो प्रश्न, आणि एक रविवार भाज्याला. मळवलीच्या लोकल दुपारी विरळ असतात आणि रविवारी कधी कधी ब्लॉक असतो, तेव्हा परतीची वेळ शनिवारी रात्रीच बघून कागदावर लिहून घ्या. तिथं स्टेशनवर अडकलात तर समोर रिक्षावाले उभेच असतात.